चियाच्या पावाचे खरे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना हळवे व्हायचे असते, हे मला ठाऊक आहे. खुर्ची हळवी होते, छत्री हळवी होते. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट ऐकून तुम्हालाही राग आला, तर तो गिळू नका.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. एकाने माझी लोखंडी पेटी ठोकली, दुसऱ्याने पोटात स्प्रिंग बसवली, तिसऱ्याने पांढऱ्या तबकडीवर रेघा छापल्या. दर पाच ग्रॅमला एक बारीक रेघ, दर पन्नासला एक जाड. शेवटी मला तपासनीस बाईंच्या टेबलावर ठेवले. त्या कोणाशी फार बोलत नसत. पितळी वजने एकेक करून माझ्या ताटलीत ठेवायच्या, डोळा तबकडीला लावायच्या आणि माझ्या पाठीचा स्क्रू केसभर पिळायच्या. माझ्या आधीचे चार काटे त्यांनी बाजूला सारले होते. माझी सुई नेमक्या रेघेवर थांबली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "हा खोटं बोलणार नाही." लहानपणी ऐकलेले असे वाक्य अंगात मुरते.

मला विकत घेतले ते एका पाववालीने. चढाच्या रस्त्यावर, चपला दुरुस्तीच्या दुकानाला लागून तिची बेकरी होती. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. मागच्या खोलीत भट्टी, लांब लाकडी टेबल आणि पिठाचे डबे. पुढच्या खोलीत काचेचे कपाट आणि गल्ला. मागची खोली ताईची, पुढची तिच्या धाकट्या भावाची. हा भाऊ बोलायला इतका मधाळ, की गल्लीने त्याचे नाव गोडबोल्या ठेवले होते. शिळा पाव घ्यायला आलेला माणूस त्याच्याशी दोन मिनिटे बोलला, की केक घेऊन जायचा.

ताईच्या हाताला अंदाज होता, तरी ती अंदाजाने काही करत नसे. मीठसुद्धा माझ्या ताटलीत पडल्याशिवाय परातीत जात नसे. रोज संध्याकाळी ती ओल्या फडक्याने माझी तबकडी पुसायची. अशी चौदा वर्षे गेली. त्या वर्षांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

ताईचे यजमान शिंपी होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. एका हिवाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटाला शिलाई मशीनच्या पायडलचा ओरखडा पडला आणि तो भरेचना. डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर. अंगातली साखर, मित्रांनो, डब्यातली नव्हे. डॉक्टर म्हणाले, पाव बंद, बिस्किटे बंद, मैद्याचे सगळे बंद. या पदार्थांत कर्बोदके फार असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते.

"पाववालीच्या नवऱ्याने पाव खायचा नाही?" ताई भट्टीसमोर उभी राहून म्हणाली. ती कोणाला विचारत नव्हती. तिला राग आला होता आणि तिचा राग कामात उतरायचा.

तिने मैदा बाजूला ठेवला. बदाम दळले, जवस दळले, अंडी फोडली. पहिला पाव विटेसारखा झाला. मास्तरांनी तो तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "कोटाच्या खांद्यात भरायला बरा आहे." दुसरा बाहेरून करपला आणि आतून ओला राहिला. तिसऱ्याला अंड्याचा इतका वास होता, की चपला शिवणारा शेजारी नाक धरून विचारायला आला.

अडचण अशी होती, की मैद्यात एक चिवटपणा असतो. पाव फुगतो तेव्हा तोच त्याला धरून ठेवतो. बदामाच्या पिठात तो नाही. मग ताईला कोणीतरी चियाचे दाणे आणून दिले. मोहरीहून लहान, करडे-काळे, गुळगुळीत. कोरडे असताना चिमटीतून निसटतात. पण पाण्यात घातले, की प्रत्येक दाणा स्वतःभोवती चिकट गोळा धरतो आणि वीस मिनिटांत वाटीतले पाणी वाटी तिरकी केली तरी हलत नाही. ताईने त्यात बोट बुडवले, वर उचलले, तार सुटली. चौदा वर्षांत तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते.

तरीही पाव लगेच जमला नाही. चिया जास्त झाला तर पाव चिकट गिळगिळीत व्हायचा, कमी झाला तर भुगा. कधी दळून, कधी अख्खा, कधी अर्धा दळून अर्धा अख्खा. प्रत्येक वेळी माझी सुई हलायची आणि ताई पाटीवर आकडा लिहायची. अकराव्या खेपेला बदामाचे पीठ दोनशे, दळलेला चिया पन्नास, इसबगोल वीस, अंडी चार, चमचाभर व्हिनेगर आणि मंद आचेवर तासभर. पाव करड्या रंगाचा निघाला. ताईने तो पूर्ण गार होऊ दिला. मग कापला. सुरी सरळ गेली.

मास्तरांनी दोन तुकडे लोणी लावून खाल्ले. दोन तासांनी बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राला दिला. खाण्याआधी साखर एकशे एकवीस होती, आता एकशे अडतीस. मास्तर आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, आणखी एक काप."

ही बातमी गल्लीत पसरली. साखरेची माणसे कुठे कुठे दडलेली असतात, ते तेव्हा कळले. कोपऱ्यावर चाव्या बनवणारे काका आले. आणि एक दिवस बस चालवणारी एक बाई आली, तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी खारीसारखी दोन्ही हातांत बदाम धरून कुरतडायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

खारूचा आजार मास्तरांसारखा नव्हता. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हते. ते दर जेवणाआधी सुईने घ्यावे लागे, आणि किती घ्यायचे हे ताटात कर्बोदके किती आहेत त्यावर ठरे. म्हणून ती घरी प्रत्येक घास एका छोट्या बॅटरीच्या काट्यावर मोजून खायची. ताईने प्रत्येक पाकिटावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवायला सुरुवात केली ती याच मुलीसाठी. 'एक काप पन्नास ग्रॅम. कर्बोदके तीन ग्रॅम.' चिठ्ठी डकवण्याआधी ती दर पावाचा एक काप माझ्यावर ठेवून बघायची. खारू काचेला नाक लावून विचारायची, "पन्नास?" आणि ताई आतून ओरडायची, "पन्नास!"

आता माझ्या रागाकडे येतो.

मास्तरांचे बोट चिघळले. शस्त्रक्रिया करावी लागली, मग दुसरी. ताईला सात आठवडे दवाखान्यात राहावे लागले. जाताना तिने पाटी भावासमोर ठेवली आणि प्रत्येक आकडा त्याच्याकडून म्हणून घेतला. गोडबोल्याने मान डोलावली. "तू मास्तरांकडे बघ, ताई. इथली काळजी सोड."

पहिले चार दिवस त्याने पाटीप्रमाणे केले. पाचव्या दिवशी बदाम संपले. आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले असते. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि मैद्याचा डबा उघडला. चारशे ग्रॅम मैदा त्याने माझ्याच ताटलीत तोलला. माझ्याच! रंग यावा म्हणून करपवलेल्या साखरेचे पाणी घातले. वरून मूठभर चिया पेरला.

"काळे दाणे दिसले की झालं," तो स्वतःशीच म्हणाला आणि ताईने आधीच लिहून ठेवलेल्या ढीगभर चिठ्ठ्या त्या पाकिटांवर डकवल्या.

मी काय करणार होतो? माझी सुई चारशेवर गेली आणि थांबली. मैदा चारशे ग्रॅमच होता, मी खोटे बोललो नव्हतो. पण असे खरे बोलून काय उपयोग? मला माझ्या स्प्रिंगची लाज वाटली.

लोकांनी पाव उचलून धरला. "आता किती हलका झालाय!" म्हणाले. गोडबोल्या हसून म्हणायचा, "हात बसलाय आता." पुन्हा बदाम आणायला तो गेलाच नाही. रोज मैदा, रोज मूठभर चिया.

आणि खारूची साखर चढू लागली.

तिची आई बिचारी चक्रावली. इन्सुलिन मोजून, पाव चिठ्ठीप्रमाणे, मग साखर येते कुठून? एक दिवस तिला खारूच्या दप्तरात चॉकलेटचा चकचकीत कागद सापडला. खारू म्हणाली, मैत्रिणीने खाल्ले, कागद मी चांदण्या कापायला घेतला. आईने विश्वास ठेवला नाही. पाव घ्यायला आल्यावर ती सगळ्यांसमोर गोडबोल्याला म्हणाली, "हिला काही गोड देऊ नका हं. चोरून खाते. आणि वर खोटं बोलते."

"नाही खात!" खारू म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

गोडबोल्याला सगळे ठाऊक होते. फक्त त्यालाच ठाऊक होते. तो काय म्हणाला ऐका. "लहान आहे हो. या वयात मन आवरत नाही. रागावू नका तिला."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगात भट्टीपेक्षा जास्त आग होती.

पुढच्या शनिवारी खारू पाव घ्यायला आईबरोबर आली आणि रांगेतून थेट मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली. "काका, एक काप तुमच्या काट्यावर ठेवा ना. आमच्या घरी तो पन्नास भरत नाही. तीसपण भरत नाही."

"अगं, ते बॅटरीचं यंत्र बिघडलंय आपलं," आई म्हणाली.

"म्हणून तर यांच्यावर ठेवायचा."

रांगेतली माणसे बघू लागली. नाही म्हणायची सोय नव्हती. गोडबोल्याने काप ठेवला. माझी सुई निघाली आणि तीसच्या अलीकडे थांबली. मैद्याचा पाव हवेने फुगतो, त्याच आकाराचा काप निम्म्याच्या आसपास भरतो. मी जीव तोडून ती सुई तिथे धरून ठेवली. बघा, म्हटले, एकदा बघा रे कोणीतरी!

खारूने बघितले. "अठ्ठावीस!" ती ओरडली.

गोडबोल्याने मला एक टपली मारली आणि हसला. "हा ना? चौदा वर्षांचं म्हातारं झालंय. कधीपासून खोटं दाखवतंय. उद्याच भंगारात देणार आहे."

रांग हसली. आईने खारूचा दंड धरला. "पुरे झाले तुझे बहाणे," म्हणाली आणि तिला घेऊन गेली. पाकीट घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी मला मागच्या शेडमध्ये रिकाम्या पोत्यांखाली टाकले. पडताना माझ्या पेटीला पोचा आला. पोत्यांखाली काही दिसत नसे, फक्त भट्टीचे दार उघडल्याचा आवाज यायचा. दुर्लक्ष झाल्याचे दुःख नव्हते मला. वस्तू अडगळीत जातातच. पण एका दिवसात दोघांना खोटारडे ठरवले होते, आणि त्या खोलीत खरे बोलणारे तेवढे आम्ही दोघेच होतो.

नंतरचे मी ताईच्या तोंडून ऐकले. खारूने एक गोष्ट केली. रोज बोट टोचून आलेला आकडा ती वहीत लिहायची. आकडा मोठा आला की बोलणी बसायची. मग ती लहान आकडे लिहू लागली. तिच्या आयुष्यातले ते पहिले खोटे होते, आणि खरे बोलून बोलणी खाल्ल्यावरच ती ते शिकली. आई खोट्या आकड्यांवर खूश झाली आणि वाढीव इन्सुलिन देईनाशी झाली. त्यात खारूला ताप आला. उलट्या सुरू झाल्या, श्वास धापा टाकल्यासारखा येऊ लागला. आईने बस थांब्यावरच उभी केली आणि मुलीला उचलून दवाखान्यात पळाली.

दवाखाना तोच होता. मास्तरांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी ताई पाणी भरायला खाली आली आणि तिने खारूला पाहिले. हाताला सलाइन, ओठ फुटलेले.

"काय खाल्लंस गं बाळा?"

"तुमचा पाव."

"माझ्या पावाने असं नाही होणार."

खारूने तोंड भिंतीकडे फिरवले. "तुम्हीपण," म्हणाली.

ते एवढेसे 'तुम्हीपण' ऐकून ताई तडक निघाली, मास्तरांना न सांगता. बेकरीच्या मागच्या दाराने ती आत आली तेव्हा तिच्या हातात अजून पाण्याची रिकामी बाटली होती. टेबलावर दुपारचे पाव गार होत होते. तिने एक कापला. सुरी आत जाताच तिला कळले. हात पाववालीचे होते.

"हे काय आहे?"

"चियाचा पाव," गोडबोल्या म्हणाला.

"चिया कुठाय यात?"

"वर दिसतोय की."

"काटा कुठाय?"

ताईने कपाटे उघडली, डबे सरकवले, शेडमध्ये जाऊन पोती भिरकावली. माझ्यावर उजेड पडला. तिने मला पदराने पुसले नाही, कुरवाळले नाही. टेबलावर आदळले आणि काप ठेवला. अठ्ठावीस.

"ताई, ऐक तर. लोकांना आवडत होता. बदाम मिळत नव्हते. आणि जीव तर नाही ना गेला कुणाचा?"

"जायची वाट बघत होतास?"

तिचा आवाज मोठा नव्हता. ती म्हणाली, "साधा पाव म्हणून विकला असतास तर काही बोलले नसते. माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलीस. त्या पोरीने ती वाचून सुई टोचून घेतली. ॲप्रन काढ. काढ आधी."

तो गेल्यावर तिने पुढच्या दारावर पाटी लावली. 'गेल्या सात आठवड्यांत इथून नेलेला चियाचा पाव मैद्याचा होता. ज्यांना साखर आहे त्यांनी आजच डॉक्टरांना दाखवा. चूक आमच्या बेकरीची आहे.' लोक जमले. चाव्या बनवणारे काका पुढे झाले. "डॉक्टरांनी माझ्या गोळ्या वाढवल्या. मी महिनाभर बायकोशी भांडतोय, की तूच भाजीत काहीतरी घालतेस!" एकाने पाव काचेवर फेकून मारला. ताई उभी राहिली. काच तिने दुसऱ्या दिवशी पुसली. अन्नखात्याची माणसे आली आणि तीन महिन्यांसाठी कुलूप लावून गेली. ते कुलूप योग्यच होते.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, ताई मला काखेत मारून दवाखान्यात गेली. खारूच्या पलंगापाशी तिची आई गणवेशातच बसली होती. ताईने मला औषधांच्या टेबलावर ठेवले, काप ठेवला आणि सगळे सांगितले. काहीही झाकले नाही. आई माझ्या तबकडीकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"खारू, तू खरं बोलत होतीस गं."

मला वाटले, आता मुलगी हसेल. मी मनातल्या मनात फुशारलोही होतो. खारू उठून बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"आता खरं वाटलं? काट्याने सांगितल्यावर?" ती म्हणाली. "मी रोज सांगत होते."

मित्रांनो, माझी सगळी फुशारकी तिथेच उतरली. ती चार दिवस आईशी बोलली नाही, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. आईनेही मनधरणी केली नाही. रोज येऊन पलंगाशी बसायची आणि खारूने सांगितलेला आकडा न तपासता वहीत लिहायची.

तीन महिन्यांनी बेकरी उघडली. दोन खोल्यांमधली भिंत पाडून ताईने तिथे काच बसवली होती, जेणेकरून डब्यातून काय निघते ते रस्त्यावरूनही दिसावे. मास्तर कुबडी घेऊन गल्ल्यावर बसले. पहिल्या दिवशी मोजकी माणसे आली. खारू आणि तिची आई आल्या.

आणि गोडबोल्याही आला. हातात रिबन बांधलेला खोका. "खारू बेटा, काकांना माफ कर. तुझ्यासाठी खास केक करून आणलाय. बदामाचा. साखरेचा कणसुद्धा नाही, शपथ!"

मी टेबलावर सज्ज होतो. आता हा खोका माझ्यावर येणार, मग यंत्रे निघणार, तपासण्या होणार, असे मला वाटले.

खारूने झाकण उघडून पाहिले. वास घेतला. "साखर आहे," ती म्हणाली.

"अगं नाही, विचार हवं तर..."

तिची आई मध्ये आली. तिने खोक्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे तर अजिबात पाहिले नाही. "ती आहे म्हणते ना? मग आहे. उचला."

गोडबोल्याने खोका उचलला आणि तो चढ उतरून गेला. ताईने त्याला हाक मारली नाही.

त्या दिवशी मला कोणी काही विचारले नाही. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. माझा राग मात्र अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. जुन्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हाला पुसा, तेल घाला, जपा. मला पुसले नाही तरी चालेल. फक्त एवढे करा, मित्रांनो. एखादे मूल तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल, तर काटा शोधत बसू नका. आधी त्याच्याशेजारी बसा.